उरलेला मंत्र

रवि. ९ जुलै १९८९

आज तिन्ही मंत्र मोहनवरच गेले, तेही तासाभरात. बंद दारापाशी चंद्रूनं दोनदा विचारलं, "कान लावून ऐकणार का?" मोहन कसला ऐकतो, माझाच धाकटा भाऊ. भैरव, म्हणजे खेळातला त्याचा योद्धा, दोन हातांत दोन तलवारी घेऊन सरळ आत. आत चार राक्षस. मी मागून पळत जाऊन जखमा भरायच्या, भरल्या की हा पुन्हा पुढे. शेवटी यूसुफच्या तिरंदाजाच्या मांडीत भाला घुसला तेव्हा माझ्याकडे काही उरलं नव्हतं. दिवसाला तीनच मंत्र, नियम आहे. यूसुफ म्हणाला, "असू दे अक्का, लंगडत येतो."

लुटीत मोहनला ढाल, यूसुफला चांदीचे बाण. चंद्रूनं पुस्तकातून वर बघून विचारलं, "आणि पच्चिलैला?" पच्चिलै म्हणजे मी, वैद्यीण. नाव यूसुफनं ठेवलेलं, तमिळमध्ये औषधी पाल्याला म्हणतात. मोहन म्हणाला, "तिला काय करायचंय? ती कुठं लढते?"

खाली येऊन कॉफी केली. चौघांची.

सोम. १० जुलै

अप्पांनी जेवताना आपल्या जुन्या तंजावरी मराठीत विचारलं, "दर आदित्यवारीं माडीवर करतां काय तुम्ही?" तीन वर्षांत पहिल्यांदा. चंद्रूच्या अमेरिकेतल्या भावानं या खेळाची पेटी पाठवली तेव्हापासून चाललंय, पण आमचे अप्पा चित्रकलेचे मास्तर, निवृत्त होऊनही आपल्या कागदांत.

सांगितलं: चंद्रू गोष्ट सांगतो. गोष्टीतल्या एकेका माणसाचं आम्ही बोलायचं, करायचं. जमलं की नाही ते फासा ठरवतो. कोणी जिंकत नाही. सगळे मिळून वाचायचं किंवा सगळे मिळून मरायचं.

"तूं कोण?"

"वैद्यीण."

"म्हणजे आदित्यवारींही दवाखानाच."

हसले. अम्मा गेल्यावर असे हसलेले आठवत नाहीत.

मंगळ. ११ जुलै

दवाखान्यात दोघांना आणलं, तिरुनागेश्वरम्‌च्या रस्त्यावर स्कूटर घसरलेली. एकाचा हात मोडलेला, तो ओरडून ओरडून दवाखाना डोक्यावर घेत होता. दुसरा बाकावर गप्प, चेहरा पांढरा. मी ओरडणाऱ्याकडे धावले. डॉ. म्हणाले, "इंदिरा, ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. गप्प बसलाय त्याला आधी बघ." गप्प माणसाच्या पोटात रक्त साचलं होतं. तंजावरला पाठवला. वाचेल म्हणतात.

सहा वर्षं कंपाउंडर आहे, हे मला आधी कळायला हवं होतं.

संध्याकाळी कोरी वही काढली. पच्चिलैची. पहिल्या पानावर डॉ.चं वाक्य. मग आपलं आपण सुचत गेलं. पहिला मंत्र पहिल्या घावाला द्यायचा नाही. जो दुसऱ्याला उचलून पळू शकेल त्याला आधी उभा करायचा. शेवटचा मंत्र दार दिसेपर्यंत मुठीत. आणि दाराआड जायच्या आधी प्रत्येकानं आपल्या उरलेल्या प्राणांचा आकडा मोठ्यानं सांगायचा, लपवायचा नाही. मो. नेहमी लपवतो. वीस प्राण उरलेत म्हणतो, असतात सहा.

रवि. २३ जुलै

आठपायी कोळ्यांची गुहा. या खेपेस मी आधीच म्हटलं: तिरंदाज मागे, भैरव तोंडाशी, मी मधे. आकडे मोठ्यानं. मोहननं एकदा पुढं सरकायला बघितलं तेव्हा म्हटलं, "थांब." तो थांबला. यूसुफनं दुरूनच सहा कोळी टिपले. उरलेले भैरवनं दारात कापले. बाहेर पडलो तेव्हा एक मंत्र शिल्लक.

चंद्रू बँकेत नोकरीला, एरवीही तिथल्यासारखं मोजकं बोलतो. आज म्हणाला, "तीन वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही तिघं एकत्र खेळलात." माझ्याकडे बघून म्हणाला.

तो सायकलवर साक्कोट्टैला गेला, यूसुफ नाचियार्कोविलच्या बसला. जिन्यात मो. म्हणाला, "सगळ्यांसमोर थांब म्हणालीस. मी लहान आहे का?"

"सगळे जगलो ना?"

"तेच म्हणतोय," म्हणाला. तेच म्हणजे काय, ते कळलं नाही.

रवि. ६ ऑगस्ट

चंद्रूला मद्रासहून पत्र. तिथल्या एका इंजिनियरिंग कॉलेजातली मुलंही हा खेळ खेळतात. ऑक्टोबरात दोन दिवस चार गावांचे गट बोलावणार, एकच गोष्ट सगळ्यांनी खेळायची, कोण कुठवर पोचतं ते बघायचं. पत्रात लिहिलंय, गटात वैद्य असलाच पाहिजे, त्याच्यावाचून पहिल्या दिवसापलीकडे कोणी जाणार नाही.

चंद्रूनं ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. यूसुफनं माझ्यापुढे हात जोडले, चेष्टेत. मो.सुद्धा हसला.

मद्रासला आपल्यासारखी आणखी माणसं आहेत हेच खरं वाटेना. कुंभकोणम्‌मध्ये विचारलं तर म्हणतील, सत्तावीस वर्षांची बाई माडीवर पोरांबरोबर भुताखेतांचे फासे टाकते.

गुरु. १७ ऑगस्ट

डॉ.नी तीन दिवस सुटी दिली. कशाला ते विचारलं नाही. मद्रासला माम्बलममध्ये अत्ता, अप्पांची बहीण, आहेच, तिच्याकडे उतरता येईल, मुलं कॉलेजच्या खोल्यांत राहतील. मोहन म्हणाला, "अप्पांना मी विचारतो, तू नको. तू विचारलंस की ते अम्माचं काढतील." खरं आहे. अम्माचा विषय निघाला की मी आणि अप्पा दोघेही उठून जातो.

पुण्याच्या मावशीचं पत्र आलं. लिहिते, अप्पांचं मराठी ऐकलं की जुना कागद वाचल्यासारखं वाटतं, तुझं बरंच सुधारलंय. तिनं पाठवलेल्या मासिकांवरूनच शिकले लिहायला. तिला खेळाबद्दल लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही. परत आल्यावर.

रवि. ३ सप्टें.

वहीची साठ पानं झाली. कोणत्या विषावर काय, कोणता घाव किती वेळ थांबू शकतो, तिघांपैकी दोघं पडले तर कोणाला सोडायचं. हे शेवटचं लिहिताना हात अडला. यूसुफ शेजारी बसून वाचत होता. म्हणाला, "अक्का, हे नको. आपण कोणाला सोडत नाही." खोडलं.

चंद्रूनं विचारलं, "मद्रासला तिकडच्या मुलांसमोर बोलायला भीती नाही ना वाटणार तुम्हाला?" म्हटलं, वाटेल. म्हणाला, "मलाही."

रवि. १० सप्टें.

अप्पा नको म्हणाले.

मोहननं खेळानंतर मागच्या अंगणात सांगितलं. म्हणे, बाहेरच्या पुरुषांबरोबर, परगावी, लोक काय म्हणतील. अत्ताकडे उतरणार असं सांगितलं का, विचारलं. "सगळं सांगितलं. ऐकत नाहीत. पुन्हा काढू नकोस, फार चिडलेत."

चिडलेले दिसले नाहीत. ओसरीवर पेन्सिली तासत बसले होते. पण अप्पांचा राग कधी दिसला आहे?

शनि. १६ सप्टें.

अप्पांना वाढते, पाणी देते, औषध देते. बोलत नाही. आज म्हणाले, "सांबारांत मीठ बरें पडलें आज." ताक वाढलं. कमवायला मी चालते, घर सांभाळायला चालते, अम्माच्या शेवटच्या दिवसांत शौचालाही मीच. दोन दिवस मद्रास चालत नाही.

रवि. १ ऑक्टो.

माझ्या जागी श्रीधर. मोहनच्या वर्गातला, चुणचुणीत आहे. मी त्याला शिकवावं असं मो.चं म्हणणं. शिकवलं. तीन तास. तो वैद्य म्हणजे दवाखान्याची घंटी समजतो, कोणी हाक मारली की मंत्र. म्हटलं, आधी गप्प आहे त्याच्याकडे बघ. मान हलवली. वही मागितली. दिली.

चंद्रू माझ्याशी आज नीट बोलला नाही. कॉफीचा पेला घेताना वर बघितलं नाही. त्याला राग आलाय म्हणावं तर कशाचा? राग मला यायला हवा.

शुक्र. १३ ऑक्टो.

गेले. पहाटेच्या गाडीनं. मोहनचा डबा भरून दिला. दवाखान्यात सुटी परत केली, डॉ. म्हणाले, "बरं."

सोम. १६ ऑक्टो.

यूसुफ दुपारी दवाखान्यात आला, मामाच्या भांड्यांच्या दुकानाचं काहीतरी काम काढून. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होतो म्हणाला. वहीप्रमाणे चाललो. तिकडच्या मुलांनी वही हातोहात फिरवली, झेरॉक्स काढून घेतल्या. "कोणी लिहिली म्हणून विचारलं. मोहन म्हणाला, आमच्या गटाची आहे."

दुसऱ्या दिवशी राक्षसांनी पुलावर गाठलं. मोहन ओरडला, श्रीधरनं मंत्र दिला. पुन्हा ओरडला, पुन्हा दिला. यूसुफचा तिरंदाज खाली पडून होता. गप्प. "मला वाटलं ते बघतील," म्हणाला. कोणी बघितलं नाही. तो मेला, मग पाठीमागून येणाऱ्यांना टिपायला कोणी नाही. मग श्रीधर. भैरव एकटा पळत बाहेर आला, अर्ध्या वाटेवर गोष्ट संपली.

"चार गटांत तिसरे," म्हणाला. मग, "अक्का, तुम्ही हव्या होतात. यायचं होतं."

मी म्हटलं, "हो, यायचं होतं." तो न समजल्यासारखं बघून निघून गेला.

शनि. ११ नोव्हें.

हे जसं झालं तसंच लिहिते.

अत्ताचं पत्र आलं, अप्पांनी मोठ्यानं वाचलं. शेवटी म्हणाले, "मोहन गेला होता तेव्हां तूंही जायचीस मद्रासेस. अत्तास भेटतीस. घरांत किती राहशील?"

मी म्हटलं, "तुम्हीच नको म्हणालात."

"मीं? कशास नको म्हणेन? मज कोणी विचारलें?"

चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. खोटं नव्हतं. अप्पांना खोटं बोलता येत नाही, चेहरा लाल होतो.

"मोहननं काही सांगितलें काय?"

"नाही," म्हटलं. "माझाच घोळ झाला." का झाकलं? सवय.

मग अप्पा म्हणाले, "दोन मास बोलत नव्हतीस. मज वाटलें, तुज बरें नाही. औषधें तुझ्याच हातीं, विचारूं कोणास."

मागल्या दारी जाऊन उभी राहिले. विहिरीवर भांडी घासायची होती ती घासली. दोन महिने. एकूण किती जेवणं होतात ती.

रवि. १२ नोव्हें.

खेळ नाही, मो.च्या परीक्षा. विचारावं का त्याला? सकाळपासून तीनदा तोंड उघडलं. तो अभ्यासातून वर बघून म्हणाला, "काय गं?" काही नाही म्हटलं. विचारलं तर खोटं सांगेल. किंवा खरं सांगेल.

रवि. १९ नोव्हें.

आज चौघेच. श्रीधर येत नाही आता. यूसुफचा नवा तिरंदाज. चंद्रूनं मुद्दाम सोपं ठेवलं असावं, पडकं देऊळ, दगडी जनावर, पलीकडे दार.

मोहननं आकडा सांगितला नाही. मीही विचारला नाही. दोन मंत्र सुरुवातीलाच गेले, एक यूसुफला, एक त्याला. मग जनावरानं भैरवला भिंतीवर आपटला. शून्याखाली. आता तीन डाव. तीन डावांत वैद्याचा हात लागला नाही तर संपलं.

चंद्रू: "पच्चिलै काय करते?"

मी म्हटलं, "तिरंदाजाजवळ उभी राहते."

"त्याला जखम नाही."

"उभी राहते."

यूसुफ माझ्याकडे बघायला लागला. त्यानं बाण सोडला, जनावर मेलं. दार मोकळं. कसली घाई उरली नव्हती, चार पावलं जाऊन हात ठेवायचा, एवढंच. दुसरा डाव.

"पच्चिलै?"

"उभी आहे."

मोहन तमिळमध्ये म्हणाला, "अक्का, एक डाव उरलाय माझा." हसत म्हणाला. मग माझा चेहरा बघून हसू गेलं. मग मराठीत, हळू, घरातलं बोलावं तसं. "अक्का, मज दे ना." एरवी टेबलावर मराठी बोललो की चंद्रू टोकतो. आज टोकलं नाही.

मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

"पच्चिलै?" चंद्रूनं विचारलं. मग पुस्तक अर्धं मिटून, "खात्री आहे?"

"आहे."

चंद्रूनं पुस्तक पूर्ण मिटलं. मग चंद्रू म्हणाला, "भैरव गेला."

तीन वर्षांचा भैरव. मो.चा कागद खोडरबरानं प्राणांच्या जागी इतका घासलाय की तिथं भोक पडलंय. त्यानं तो फाडला नाही. चार घड्या घालून खिशात ठेवला आणि खाली गेला.

यूसुफ म्हणाला, "अक्का, मंत्र होता ना शिल्लक?"

होता.

सोम. २० नोव्हें.

वाटलं होतं, बरं वाटेल. काल हात धुऊन भात लावला तेव्हा थोडा वेळ वाटलंही. आज दवाखान्यात एका मुलाला सुई देताना आईनं "सांभाळून" म्हटलं आणि माझा हात थांबला. डॉ.नी सुई घेतली.

रवि. २६ नोव्हें.

कोणी आलं नाही. माडी झाडली. मोहन घरात होता. मी जिना उतरताना तो भिंतीकडे सरकला, वाट दिली. पाहुण्याला देतात तशी.

रवि. १७ डिसें.

आजही नाही. तीन रविवार झाले तेव्हा मोजणं सोडलं होतं. अप्पा विचारतात, "माडी शांत कशी?" थंडी, म्हटलं. कुंभकोणम्‌ची थंडी. अप्पांनी मान हलवली.

रवि. ४ फेब्रु. १९९०

मो.ला मद्रासला नोकरी लागली. मला अप्पांकडून कळलं. निघताना अप्पांना नमस्कार केला, मला केला, वाकला तेव्हा मान वर केली नाही. "नीट राहा" म्हटलं. "तू पण." पाच वर्षं याला डबा दिला, ताप काढले, फॉर्म भरले, आणि शेवटी दोन शब्द.

मी काय जास्त दिले?

शनि. २१ एप्रिल

यूसुफ मस्कतला चालला. निरोपाला आला, आईनं दिलेली मिठाई घेऊन. ओसरीवर बसला, अप्पांशी बोलला. मी आत-बाहेर करत होते. जाताना दारात थांबून म्हणाला, "अक्का, एक सांगू? राग नका धरू. त्या दिवसानंतर मला तुमच्याशेजारी बसायला नको वाटायला लागलं. मारणारा मारतो, ते कळतं. पण तुम्ही उभ्या होतात."

सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम. पण ते वाक्य म्हणजे मोहन खोटारडा आहे, आणि हा परदेशी निघालेला. त्याच्याबरोबर ते कशाला पाठवायचं?

"नीट जा," म्हटलं. "तिकडे पाणी उकळून पी."

म्हणजे आता यूसुफच्या लेखी मी तीच. मोहनवर पांघरूण घालून घालून माझ्या अंगावर काही उरलं नाही.

बुध. ११ जुलै

चंद्रू आईचं औषध न्यायला दवाखान्यात आला. आठ महिन्यांनी. केस पांढरे व्हायला लागलेत कानांवर. बाटलीवर चिठ्ठी लावत होते तेव्हा म्हणाला, "मी त्या दिवशी थांबवू शकलो असतो. गोष्ट माझी होती. एखादा साधू आणून भैरवला उठवलं असतं. आणला नाही."

"का?"

"मीही चिडलो होतो तुमच्यावर. मद्रासपासून."

"माझ्यावर?"

"तुम्ही शेवटच्या क्षणी येत नाही म्हणालात. मोहननं सांगितलं, अक्काला कंटाळा आलाय, आमच्यासाठी म्हणून खेळत होती, तिला बोलून अवघड करू नका. म्हणून मी बोललो नाही. मला वाटलं, निदान मला तुम्ही स्वतः सांगाल."

चिठ्ठी वाकडी लागली. काढून दुसरी लावली. मग सांगितलं, सगळं. मला काय सांगितलं, अप्पा काय म्हणाले. तो ऐकत राहिला. मागे दोन माणसं उभी होती.

"म्हणजे तुम्ही, मी, यूसुफ, तिघंही गप्प राहिलो," म्हणाला.

"जेवणानंतर दोन चमचे," म्हटलं. मागचा माणूस पुढे आला.

रवि. २२ जुलै

चंद्रू संध्याकाळी घरी आला. दोघांनीच खेळू या का विचारायला. पेटी सायकलला बांधून आणली होती. म्हटलं, दोघांचा काय खेळ. म्हणाला, तेही खरं. अप्पांबरोबर कॉफी पिऊन गेला. पेटी घेऊन गेला. यायला पाऊण तास लागतो त्याला. मी हो म्हणायला हवं होतं का? आता असं प्रत्येक गोष्टीला होतं, उशिरा.

रवि. १३ जाने. १९९१

मो. पोंगलला आला, चार दिवस. बारीक झालाय, मिशा ठेवल्यात. माझ्यासाठी साडी आणली, निळी. रंग चांगला आहे. अप्पा खूश. जेवताना तिघांत अप्पाच बोलतात.

गुरु. १७ जाने.

सकाळी मुरुक्कु, इकडची चकली, तळत होते, त्याला न्यायला. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसला. घाणा निघाला, दुसरा निघाला. मग म्हणाला, "अक्का, त्या दिवशी तू मंत्र का नाही दिलास, मला ठाऊक आहे."

झारा हातातच.

"केव्हापासून?"

"तेव्हाच. तू दुसऱ्यांदा 'उभी आहे' म्हणालीस तेव्हा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू तरी कुठं बोललीस."

अप्पा बाहेर रांगोळी बघत होते म्हणून हळू बोललो. विचारलं, का केलंस. त्याला उत्तर तयार नव्हतं असं नाही, वर्षभर घोकल्यासारखं सांगितलं. म्हणाला, "अम्मा गेल्यापासून सगळीकडे तूच. ताप आला तू, फॉर्म भरायचा तू, आणि त्या माडीवरही मी मरायचं आणि तू वाचवायचं. आणि थांब म्हणायचं. मद्रासला दोन दिवस पाठीमागं कोणी नको होतं."

"तसं सांगायचंस मला."

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस. एक शब्द बोलली नसतीस. आणि मग वर्षभर ते तोंड घेऊन वाढलं असतंस."

हे खरं आहे. खोटं असतं तर बरं झालं असतं, तासभर भांडता आलं असतं. अप्पांना वाढत होतेच की मी, तसंच.

"आणि चंद्रूला सांगितलंस, मला कंटाळा आलाय म्हणून."

मान खाली. "काहीतरी सांगायला हवं होतं."

"यूसुफ मला काय म्हणून गेला माहीत आहे?"

माहीत नव्हतं. सांगितलं. म्हटलं, "त्याला लिही. पत्ता त्याच्या मामाकडे आहे. चंद्रूला मी सांगितलंय, यूसुफला तू सांगायचंस."

"बघतो," म्हणाला.

सांगतो म्हणाला नाही. मीही ते काम स्वतःकडे ओढून घेतलं नाही. घाणा करपला, टाकून दिला, दुसरा घातला. तो तिथंच बसून राहिला, पीठ संपेपर्यंत. एकदा म्हणाला, "साच्याचं भोक बुजलंय." काडीनं मोकळं करून दिलं.

दोनच्या बसला गेला. मी दवाखान्यातून परत आले तर मुरुक्कुचा डबा ओसरीवर, झाकणाला दोरी बांधलेली, तसाच.

"विसरला काय?" अप्पांनी विचारलं.

माहीत नाही, म्हटलं. पिशवी त्यानं स्वतः भरली होती.

"भांडलां काय तुम्ही?"

"नाही."

अप्पांनी दोरीची गाठ ओढून पाहिली. मग म्हणाले, "उद्यां टपालांत टाकूं. चार दिवस टिकेल."

पाहू, म्हटलं. डबा आत आणून फडताळात ठेवलाय.